नाशिकला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन येताय? मग आधी ऊन कुठून येतं ते बघा

नाशिकचे फोटो म्हटलं की सगळ्यांकडे तेच असतात. रामकुंडावरची गर्दी, काळारामाचा कळस, पांडवलेणीच्या पायऱ्यांवरचा ग्रुप सेल्फी आणि शेवटी द्राक्षाच्या बागेत हातात ग्लास. जागा चुकीच्या नाहीत हो, वेळ चुकीची असते. स्टेशनवर उतरलं की रिक्षावाला नाशिक दर्शन, सगळे पॉइंट दाखवतो म्हणून गाडीत बसवतो आणि त्याच्या रस्त्याला जे आधी येईल ते आधी दाखवतो, मग घाट तुमच्या वाट्याला येतो बारा वाजता डोक्यावरच्या उन्हात आणि लेणी येतात चारला, जेव्हा समोरचा भाग सगळा सावलीत गेलेला असतो. त्यामुळे पॉइंटची यादी बाजूला ठेवा आणि दिवस उन्हाप्रमाणे लावा, निम्मं काम तिथेच होतं.

आता हे ऊन प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. गोदावरी त्र्यंबककडून येते आणि पुढे पूर्वेला जाते, पण रामकुंडापाशी ती वळून दक्षिणेकडे वाहते, म्हणून तिला तिथे दक्षिणवाहिनी म्हणतात. म्हणजे काय झालं, तर पंचवटी आली पूर्व काठावर आणि जुनं नाशिक पश्चिम काठावर. सकाळचा सूर्य पंचवटीच्या मागून वर येतो आणि जुन्या नाशिकच्या बाजूला उजेड पाडतो, संध्याकाळी बरोबर उलटं. तेव्हा सकाळी पंचवटीच्या काठावर उभं राहून समोरच्या काठाचे फोटो काढायचे, संध्याकाळी पलीकडे जाऊन पंचवटीकडे तोंड करायचं. नवीन माणूस हमखास उलट करतो आणि मग म्हणतो की देवळं काळी आली, आकाश पांढरं आलं.

सामानाचं थोडक्यात सांगतो. मोबाइल पुरतो. कॅमेरा असेल तर एक साधी झूम लेन्स लावून या, घाटावर आणि गल्ल्यांमध्ये लेन्स बदलत बसायला जागा नसते. लेन्स पुसायचं कापड, पॉवर बँक, पाण्याची बाटली आणि पायात ग्रिपवाली चप्पल किंवा सँडल, कारण घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि तिथे पाय सरकला की माणूस आणि फोन दोघं गंगेत. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पत्ता विचारताना गंगेवर जायचंय म्हणालात तरी चालतं.)

सीझन कुठला, तर डिसेंबर-जानेवारी. नाशिकची थंडी बोचरी असते, पण अशा दिवशी उजाडताना पाण्यावरून वाफ निघताना दिसते आणि ती ऊन वर आलं की विरते, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी घाटावर पोचलेलं बरं. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, पण गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट पाण्याखाली जातो, त्याबद्दल पुढे सांगतो. एप्रिल-मे मध्ये येणार असाल तर सकाळी दहापर्यंत काय ते उरकून घ्या.

पहिल्या दिवशी सकाळी घाट. रामकुंड, गांधी तलाव, तिथून खाली गाडगे महाराज पुलापर्यंत चालत. गाडी लांब लावा, हा सगळा भाग पायी करायचाच आहे. आणि इथे पहिला नियम, जो कुठल्याही सेटिंगपेक्षा महत्त्वाचा आहे: रामकुंडावर लोक अस्थी घेऊन येतात, दशक्रिया विधी चाललेले असतात, मुंडण केलेला मुलगा पिंडांसमोर बसलेला असतो. त्याच्यावर झूम मारू नका. फोटो भारी येतो हे मलाही माहीत आहे, पण त्याच्या घरातलं माणूस गेलंय. लांबून वाइड फ्रेममध्ये सगळा घाट आला तर ठीक, कोणाचा चेहरा नको. स्नान करणाऱ्या बायकांचंही तेच. गुरुजी, फुलवाल्या मावशी, नाव चालवणारे, यांना विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात, नाही म्हणाले तर पुढे चालायचं, गयावया करायची नाही.

घाटावर दुतोंड्या मारुती शोधा. शोधायला लागत नाही म्हणा, नदीच्या पात्रातच उभा आहे, उंच, शेंदरी, पुढून एक तोंड आणि मागून एक. नाशिकचा पुराचा मीटर तोच. पावसाळ्यात कोणी विचारत नाही की किती क्युसेक सोडलं, विचारतात की मारुतीच्या कुठपर्यंत आलंय, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, की छातीपर्यंत. २०१६ आणि २०१९ च्या पुरात त्याचे जे फोटो पेपरमध्ये आले ते अजून लोकांच्या फोनमध्ये आहेत. तुम्ही कोरड्या दिवसात आलात तर त्याच्या शेजारी एखादा माणूस फ्रेममध्ये येऊ द्या, म्हणजे उंची कळते, नाहीतर नुसत्या मूर्तीचा फोटो बघून पुराची काही कल्पना येत नाही. आणि पूर चालू असताना आलात तर घाटावर उतरायचं नाही, होळकर पुलावरून पोलीस जितकं थांबू देतील तितकंच, पाणी बघता बघता वाढतं.

मारुतीपासून जवळच, पंचवटीच्या बाजूला, नारोशंकराचं देऊळ. १७४७ मध्ये नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं, रामेश्वर असंही नाव आहे. समोरच्या तटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे ती पोर्तुगीजांची, तिच्यावर १७२१ साल आहे, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्या विजयाची आठवण म्हणून इथे लागली. पुराचं पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं की महापूर, असं जुनी माणसं सांगतात. देऊळ पूर्व काठावर असल्यामुळे नदीकडची बाजू संध्याकाळी उजळते, त्यामुळे सकाळी नुसतं बघून ठेवा, कुठून घ्यायचं ते ठरवा आणि पाचच्या सुमारास परत या. भिंतीवर कोरलेले हत्ती, मोर, माकडं आहेत, तिरक्या उन्हात ती उठून दिसतात, सरळ उन्हात सपाट होतात.

सकाळच्या उजेडात घ्यायचं ते सुंदरनारायण मंदिर, ते पश्चिमेच्या काठावर, होळकर पुलाच्या टोकाला. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलं. २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतात अशी त्याची रचना आहे, म्हणजे सकाळचं ऊन हे त्या देवळाच्या बांधणीतच आहे, तुम्हाला फक्त वेळेवर उठायचंय. जीर्णोद्धाराचं काम तिथे बरीच वर्षं चाललं. शिवाय २०२७ चा सिंहस्थ आहे, त्यामुळे घाट परिसरात कामं काढलेली असणार, फ्रेममध्ये पत्रे आणि जेसीबी आले तर चिडू नका, मी तर म्हणतो एक-दोन फोटो त्यांचेही घ्या, दहा वर्षांनी तेच बघायला मजा येईल.

रामकुंडाच्या वर पायऱ्या चढून गेलं की कपालेश्वर. महादेवाचं देऊळ आणि समोर नंदी नाही, ही त्याची खासियत. शंकराने नंदीला गुरू मानलं म्हणून तो समोर बसत नाही अशी कथा सांगतात. आता नसलेल्या नंदीचा फोटो कसा काढणार, तर पायऱ्यांचा, कळसाचा काढा आणि खाली एक ओळ लिहा. ओळ लिहिली नाही तर ते आणखी एक देऊळ होऊन बसतं.

तिथून काळाराम मंदिर चालत पाच-दहा मिनिटं. इथे फोटोच्या दृष्टीने खरी अडचण म्हणजे दगड. अख्खं देऊळ काळ्या दगडाचं, आणि कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो फोटो उजळ करतो, मग काळाराम येतो राखाडी आणि मागचं आकाश फाटून पांढरं. उपाय सोपा आहे. मोबाइलवर दगडावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा, कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) उणे एकच्या आसपास. दगड काळा दिसेपर्यंत खाली आणा, त्याच्या पुढे नको. याच्या बरोबर उलटं होतं नाशिकरोडच्या मुक्तिधामला, ते मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराचं, तिथे कॅमेरा घाबरून फोटो मळका करतो, तिथे अधिककडे न्यायचं. ही दोन देवळं एकाच दिवशी केलीत तर एक्स्पोजर म्हणजे काय हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा लवकर समजेल.

गाभाऱ्यात फोटो नाही, कुठल्याच देवळात, आणि आवारातही बोर्ड बघून आणि विचारून. काळारामाचं बाहेरचं प्रवेशद्वार मात्र विसरू नका. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या या देवळात दलितांना प्रवेश नव्हता, त्यासाठी २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते आणि तो काही वर्षं चालला. लोक कळसाचे पन्नास फोटो काढतात आणि दरवाज्यातून आरामात आत जातात. दरवाज्याचा एक तरी घ्या, माणसं आत जाताना दिसतील असा, आणि तारखेसकट कॅप्शन द्या.

सीता गुंफा जवळच आहे, पण आत वाकून, रांगेत, ढकलाढकलीत जायचं असतं, फोटोचा विचार सोडून द्या. बाहेरच्या वडांच्या झाडांवर काय ते समाधान.

दहा-साडेदहाला ऊन कडक झालं की उघड्यावरचं काम बंद आणि गल्ल्या चालू. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जुन्या नाशिकच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की खाली ऊन पोचतच नाही, वरून फक्त उजेड झिरपतो, आणि तो फोटोला एकदम मऊ पडतो. रविवार कारंजावरून सराफ बाजार, भांडी बाजार असं फिरा. सराफ बाजारात पेशवेकालीन सरकारवाडा आहे. आजूबाजूला लाकडी वाडे आहेत, कोरीव खांब, नक्षीच्या तुळया, वर लोखंडी गजांच्या खिडक्या आणि खाली मोबाइल रिचार्जचं दुकान, हा मेळ मला कुठल्याही नुसत्या जुन्या वाड्यापेक्षा आवडतो, वायरी आणि बोर्ड टाळण्याच्या नादात लोक तो घालवतात. फोन उभा धरा, गल्लीला उभी फ्रेमच बसते. पडीक वाड्यात मात्र शिरू नका, दर पावसाळ्यात एखादी भिंत कोसळल्याची बातमी असते, आणि ज्या वाड्यात लोक राहतात तिथे दारातून आवाज द्या, काकू, आत येऊ का, एवढं पुरतं, बऱ्याचदा चहा पण मिळतो.

भांडी बाजारात तांब्या-पितळेची दुकानं. फोटो काढायला इतकी सोपी वाटणारी आणि इतकी फसवणारी दुसरी जागा नाही. समोर लखलखीत पितळी कळशी असते, तुम्ही फोटो काढता, आणि घरी जाऊन बघता तर कळशीच्या पोटात तुम्हीच, लांबट तोंडाचे, हातात फोन धरून. समोरून हटा, दुकानाच्या बाजूच्या खांबाशी उभे राहा आणि रस्त्याकडून येणारा उजेड भांड्याच्या एकाच गालावर पडू द्या, दुसरी बाजू अंधारात गेली तरी चालेल. फ्लॅश तर अजिबात नको, एक पांढरा डाग सोडून काही येणार नाही. एका दुकानदार काकांना विचारलं की फोटो घेऊ का, तर म्हणाले, "घे की, पण ते स्टीलचे डबे येऊ देऊ नकोस, लोकांना वाटेल आम्ही तेच विकतो." त्यांचं बरोबर होतं, डबे बाहेर ठेवल्यावर फ्रेम सुधारली.

बुधवारी आला असाल तर गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, भाज्यांचे ढीग, मसाले, कापडाचे पाल. इथे उजेड पालाच्या रंगाचा होतो, निळ्या ताडपत्रीखाली भाजी विकणाऱ्या मावशींचा चेहरा निळा येतो, त्यांना फोटो दाखवलात तर त्याच हसतील. पालाच्या कडेला बसलेल्या माणसाला गाठा. आणि नुसता फोटो काढून पळू नका, पावशेर काहीतरी घ्या.

दुपारी मिसळ खा, झोपा. खरंच, दुपारचे फोटो कोणी बघत नाही.

संध्याकाळी पाचला पश्चिम काठावर या. समोर पंचवटीची देवळं उजळलेली असतील, सकाळी बघून ठेवलेलं नारोशंकर आता घ्या. अंधार पडायला लागला की रामकुंडावर गोदावरीची आरती. ज्योत जोरात हलते आणि फोन ती जाळून टाकतो, म्हणून परत तीच युक्ती, बोट ज्योतीवर टेकवून उजेड खाली ओढायचा, नाइट मोड बंद, नाहीतर ज्योतीची रेघ होते आणि माणसं पुसट होतात. सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं, आकाश गडद निळं आणि दिवे लागलेले, ती सगळ्यात चांगली. कुठल्यातरी कठड्यावर कोपर टेकवून उभे राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेणी, म्हणजेच त्रिरश्मी लेणी. मुंबई-आग्रा हायवेवर, पाथर्डी फाट्याच्या बाजूला, शहरापासून साधारण आठ किलोमीटर. उघडतात तेव्हाच पोचा, सकाळच्या उन्हात समोरचं कोरीव काम खुलतं. चढायला पायऱ्या बऱ्याच आहेत, दम लागतो, पाणी बरोबर ठेवा. लेणी २४, पण सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका, ३, १० आणि १८ एवढी तीन नीट करा. पुरातत्त्व खात्याची जागा आहे, ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे तो आणूच नका.

तीन नंबरचं लेणं सातवाहनांचं. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने भिक्षूंना दान दिलेलं, व्हरांड्यात तिचा ब्राह्मी लेख आहे, ज्यात मुलाच्या पराक्रमाचं वर्णन आहे. सगळे जण खांबांचे आणि लेखाचे फोटो काढतात, तुम्ही खाली बसा. व्हरांड्याच्या तळाला दगडाच्या तुळया आहेत आणि त्या खांद्यावर घेऊन सहा यक्ष जमिनीतून वर येताहेत असे कोरलेत, म्हणजे अख्खं लेणं त्यांनी उचलून धरलंय. उभं राहून घेतलं तर ते दिसतच नाहीत, गुडघ्यावर बसून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यायचे. लेख वाचता येईल असा हवा असेल तर समोरून नको, सोबतच्याला फोनचा टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरायला सांगा, अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि लेख उठून दिसतो. दहा नंबर क्षत्रप नहपानाच्या काळातलं, त्याच्या जावयाने, उषवदाताने केलेलं. गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं, आणि दोघांची लेणी एकाच डोंगरात, थोड्या अंतरावर, खांबांची घडणही सारखी. दोघांचे खांब एकाच अँगलने घेऊन फोटो शेजारी शेजारी लावा, मग बघणाऱ्याला फार सांगावं लागत नाही. १८ नंबर चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, आत अंधार, स्तूप मागे. डोळे सवय होईपर्यंत दोन मिनिटं थांबा, मग खांबाला टेकून श्वास धरून घ्या. कड्याला मधमाश्यांची पोळी दिसली तर आवाज, धूर, फ्लॅश काही नको.

पायथ्याशी बुद्ध स्मारक आणि दादासाहेब फाळके स्मारक आहे, फाळके त्र्यंबकेश्वरचे. वेळ उरला तर.

तिसरा दिवस असेल तर मी त्र्यंबकपेक्षा सिन्नरचं गोंदेश्वर सांगेन, निदान फोटोसाठी. त्र्यंबकेश्वरला देवळात मोबाइल-कॅमेरा चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो, दर्शन करा, बाहेर कुशावर्त कुंड आणि मागे ब्रह्मगिरीचा डोंगर घ्या, पावसाळ्यात ढग खाली उतरलेले असतात तेव्हा छान. गोंदेश्वर मात्र पुणे रस्त्याला तीसेक किलोमीटरवर, यादवकाळातलं पंचायतन, मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, चहूबाजूंनी मोकळं, गर्दी कमी. संपूर्ण फेरी मारा, एक तरी बाजू उन्हात सापडतेच.

द्राक्षबागेत जाणार असाल तर जानेवारी ते मार्च, आणि शेतकऱ्याला विचारूनच. औषध फवारलेलं असतं, घड हाताळू नका, तोडू तर नकाच. पक्ष्यांची आवड असेल तर थंडीत नांदूरमध्यमेश्वर, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण, पण तिथे मोबाइलचं काही चालत नाही, मोठी लेन्स लागते.

सणाला येता आलं तर सोन्याहून पिवळं. धुलिवंदनाला जुन्या नाशकात वीरांची मिरवणूक असते, रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात, शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी. रहाड म्हणजे रस्त्याखालचा दगडी हौद, एरवी बुजवलेला असतो, त्या दिवशी रंगाने भरतात आणि पोरं त्यात उडी मारतात, त्याला धप्पा म्हणतात. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा (१/१०००) जास्त ठेवा, फोन प्लास्टिकच्या पाउचमध्ये, आणि उंचावर जागा मिळते का बघा, कोणाच्या तरी गॅलरीत. खाली उभे राहिलात तर तुम्हालाच धप्पा बसेल. रामनवमीनंतर कामदा एकादशीला काळारामाच्या इथून राम आणि गरुड असे दोन रथ निघतात, त्या दिवशी दोर ओढणाऱ्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही.

काय काढायचं नाही तेही सांगून ठेवतो. देवळाली कॅम्पचा लष्करी भाग, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याचा परिसर, ओझरचा विमानतळ आणि हवाई दलाचा तळ, इथे कॅमेरा बाहेरच काढू नका. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय उडवलात तर पोलीस चौकीतले फोटो निघतील.

आणि रोज रात्री हॉटेलवर गेल्यावर, कितीही दमलात तरी, हे करा: फोटो दुसरीकडे कॉपी, एकसारखे वीस असतील तर दोन ठेवून बाकी डिलीट, आणि राहिलेल्यांना जागेचं नाव, कुठल्या काठावरून, किती वाजता, हे फोनमध्येच टाका. घाटावरची देवळं फोटोत सगळी एकमेकांसारखी दिसतात, आठवड्याने कपालेश्वर कुठलं आणि नारोशंकर कुठलं हे विसरायला होतं आणि मग लोक नुसतं नाशिक टेम्पल म्हणून टाकून देतात. ज्या दुकानदारांनी, मावशींनी फोटो काढू दिला त्यांचा नंबर घेऊन त्यांना तो पाठवा. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकू नका, आणि कोणी नंतर काढून टाका म्हणालं तर वाद न घालता काढून टाका.